चंचीवरचा टाका

अन्सामावशी माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी पाहायच्या. आधी पदर पाहायच्या, आणि तोही उलटा करून. समोरची बाई कोण, कुठली, कुणाची, हे विचारायच्या आत तिच्या पदराचं टोक मावशींच्या चिमटीत गेलेलं असायचं. कशिदा असला तर त्याची पाठ डोळ्यांजवळ नेऊन त्या पाहत. कशिदा नसला तर पदर सोडून देत, आणि त्याबरोबर त्या बाईलाही.

मी लग्न होऊन साखरखेर्ड्याहून मलकापूरला आले, त्या दिवशी माप ओलांडून दोन घटकाही झाल्या नव्हत्या. आळीतल्या बायका माझं नाक, रंग, केसांची लांबी वगैरे माल पारखत होत्या. तेवढ्यात एक उंच, काटकुळी, कपाळभर कुंकू लावलेली बाई गर्दीतून आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझा पदर उलटा करून पाहू लागली. मला वाटलं, इकडे अशीच काही रीत असेल. मी मान खाली घालून बसले.

"पोरगी बरी दिसते," ती माझ्या सासूबाईंना म्हणाली. माझ्याकडे तिनं अजून पाहिलंही नव्हतं. "पर हा कशिदा इनं नाही केला. शिंप्यानं केला. पाठीमांगं निरा जंगल हाय."

खरंच तो शिंप्यानं केला होता. माझ्या आईनं मात्र व्याह्यांना सांगितलं होतं की सगळं पोरीच्या हातचं आहे. म्हणजे सासरच्या पहिल्याच दुपारी माझी अब्रू पदराच्या मागच्या बाजूनं गेली. सासूबाई हसल्या म्हणून निभावलं. अन्सामावशींनी माझं तोंड पाहिलं ते तीन दिवसांनी, आणि तेव्हाही त्यांनी मला ओळखलं नाही. पदर बदलला होता ना.

मावशींचं घर आमच्या भिंतीला लागून. माळ्यांचं खटलं, नळगंगेच्या काठी मळा, वांगी, मेथी, कांदे. घरात दोन मुलगे, दोन सुना, आणि मावसाजी. मावसाजी बोलण्यात इतके काटकसरी की त्यांचा आवाज ऐकला की आळीत लोक एकमेकांना सांगत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. साहेबाच्या कागदांवर दोघांची नावं नवराबायकोसारखी जोडीनं येत. आम्हा बायकांना त्याचं काही नव्हतं. एक गाडी नागपूरकडून येते आणि मुंबईकडे जाते, दुसरी तिकडून येते आणि इकडे जाते, एवढाच आमचा भूगोल. गावातला मोठा माणूस म्हणजे कापसाच्या जिनातला भोंगा. तो वाजला की लोक कामाला जात, तो वाजला की जेवत, आणि दुपारचा वाजला की आमचं कशिदा मंडळ भरे.

मंडळ भरे ते मास्तरीणबाईंच्या ओसरीवर, मंगळवारी आणि शुक्रवारी. मास्तरीणबाई म्हणजे इंग्रजी शाळेतल्या मास्तरांच्या पत्नी, पुण्याकडच्या. गोऱ्या, गोल, आणि बोलणं असं स्वच्छ की त्यांच्यासमोर आपण न बोललेलंच बरं वाटे. त्यांच्याकडे नमुन्यांची एक विलायती वही होती. सतरंजीवर आम्ही दहाबारा जणी बसायचो. कागदावर सुईनं नक्षी टोचायची, रॉकेलमध्ये नीळ कालवून त्याचा बोळा वरून फिरवायचा, की खाली कापडावर निळ्या ठिपक्यांचं फूल उमटे. मग रेशमाच्या लडी उघडायच्या. जिनातली रुई हवेत उडतच असे. ती त्या रेशमाला चिकटे, आणि आमच्या गुलाबांना कायमची दाढी आलेली असे.

सासूबाईंनी मला मंडळात धाडलं, त्याला कारण तो पदर. "आता खरंच शिक," त्या म्हणाल्या, "म्हन्जे तुही माय कमीत कमी लबाड नाही ठरत."

मंडळाच्या मास्तरीण मास्तरीणबाई असल्या तरी मंडळ चाले अन्सामावशींच्या कायद्यानं. कायदा एकाच कलमाचा होता. "टाक्याले टाका." तुम्हाला नवा टाका हवा असेल तर त्यांना न येणारा एक टाका त्यांना द्यायचा. फुकट काही नाही. मास्तरीणबाईंना हे अजिबात पटत नसे. विद्या दिल्यानं वाढते, असं त्या समजावून सांगायच्या. मावशी शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "हाव. मंग तुम्ही द्या."

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "काय वं साखरखेर्डेवाली, तुह्यापाशी काय हाय?"

"मला गोधडीला दोरा घालता येतो," मी म्हणाले.

"थो तं माह्या म्हशीलेही येते."

सगळ्या हसल्या. इकडे म्हणतात 'मले', म्हणून त्यांना माझ्या 'मला'चंही हसू येई. पुढचे तीन महिने मी सगळ्यांच्या सुया ओवून दिल्या आणि साखळी टाक्याच्या रांगाच्या रांगा घातल्या. त्या साखळ्या जोडल्या असत्या तर माहेरी पोचल्या असत्या.

मावशी टाक्यांना वहीतली नावं घेत नसत. ज्या बाईनं टाका दिला तिच्या नावानं त्या टाका ओळखत. कासारणीचा, मोताळ्याच्या जिजीचा, पाटलाच्या थोरल्या सुनेचा. मास्तरीणबाईंनी एकदा पाकळ्यापाकळ्यांच्या फुलाचा एक सोपा टाका दाखवला आणि त्याचं इंग्रजी नाव सांगितलं. मावशींनी अर्थ विचारला. "आळशी फूल," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून तो टाका गावात 'मास्तरणीचं आळशी फूल' झाला. बाईंना ते फार लागलं, पण करतात काय.

आणि नव्या टाक्याची हाव किती? मावशी भाजीच्या टोपल्या गाडीत चढवायला स्टेशनावर जायच्या. एकदा बायकांच्या डब्यात त्यांना एक कच्छी बाई दिसली. तिच्या घागऱ्याला वीतभर भरतकाम. मावशी टोपली फलाटावर ठेवून डब्यात शिरल्या आणि त्या बाईच्या पायाशी बसून घागऱ्याचा काठ उलटा करून पाहू लागल्या. ती बाई आधी किंचाळली, मग हसली, मग तिनं सुईच काढली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण हातवाऱ्यांत तास गेला. मधल्या काळात गाडी सुटली होती. तिकीटबाबू आला.

"तिकीट?"

"कायचं तिकीट?" मावशी मान वर न करता म्हणाल्या. "मी कुठं चालली? गाडी चालली."

नांदुऱ्याला त्यांना उतरवलं. संध्याकाळच्या गाडीनं त्या परत आल्या. फलाटावर मावसाजी रिकाम्या टोपल्यांवर बसले होते. लोक विचारत होते, बायको कुठं गेली, पोलिसांत सांगायचं का. मावसाजींनी त्या दिवशी त्यांच्या मानानं भाषण केलं. "नवा टाका भेटला असन," ते म्हणाले.

मी ज्या गोष्टीचा तेव्हा विचार केला नाही ती अशी. इतकी धडपड करून मिळवलेला टाका मावशी घरी येऊन मांजरपाटाच्या एका लांब पट्टीवर बोटभर घालत. तो बोटभर टाका उन्हात धरून पाहत. आणि त्यांचं तोंड उतरे. ताटात नको ती भाजी आल्यावर उतरतं तसं. मग पट्टी गुंडाळून ठेवून देत. आम्ही म्हणायचो, हावऱ्या माणसाचं असंच असतं, मिळालेल्याचं सुख नाही.

आता त्या चंचीकडे येते. मावशी पान खायच्या. त्यांच्या कमरेला कायम एक चंची खोचलेली असे. काळ्या खणाची, सुपारीचा, काताचा, चुन्याच्या डबीचा असे कप्पे असलेली, जुनी, पण नीट राखलेली. तिच्या तोंडाच्या पट्टीवर चार बोटं लांब अशी लाल रेशमाची एक ओळ होती. तसला टाका आमच्यापैकी कुणाला येत नव्हता. साखळीसारखा, पण पिळाचा, आणि सगळे पीळ एका बाजूला कललेले. वाऱ्यानं जोंधळ्याची कणसं कलतात ना, तसे. मावशींचा स्वतःचा पिळाचा टाका होता, त्यांच्या आईकडून आलेला. तो याच्या जवळ जाई. पण त्याचे पीळ दुसरीकडे कलत, आणि चंचीवरच्या ओळीचं ते सैल, मऊ रूप त्याला नसे. आम्ही कापड फिरवून पाहिलं, उभं धरलं, आडवं धरलं. काही केल्या कणसं हवी तिकडे कलत नसत. आतून चंचीला अस्तर, त्यामुळे पाठ दिसायची सोय नाही. मी यायच्या आधी एकदा मावशी हातपाय धुवायला गेल्या असताना एकीनं अस्तराची शिवण थोडी सैल करून डोकवायचा प्रयत्न केला. मावशी परत आल्या, त्यांनी चंची उचलली, अस्तर पाहिलं, आणि त्या बाईशी वर्षभर बोलल्या नाहीत.

तो टाका मागायचा प्रयत्न सगळ्यांनी केला होता. एकीनं दोन टाके देऊ केले, दुसरीनं तीन. मावशींचं उत्तर ठरलेलं. "थो द्याचा नाही."

"काऊन नाही?"

"नाही म्हन्लं ना."

मंडळात सगळ्यांना खात्री होती की हा मावशींचा सगळ्यात मोठा ठेवा आहे आणि तो त्या सरणावर घेऊन जाणार आहेत.

मग बुलढाण्याला प्रदर्शन भरायचं ठरलं. जिल्ह्यातल्या बायकांच्या हातकामाचं, मोठ्या साहेबाच्या मडमेच्या हस्ते बक्षिसं. मास्तरीणबाई हरखल्या. मंडळातर्फे टेबलावर घालायचा एक मोठा मेजपोस करायचा, सगळ्यांच्या हातचा, आणि मधोमध चंचीवरच्या टाक्याची वेल. तसला टाका जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

शुक्रवारी बाईंनी भर ओसरीत विषय काढला. "अनसूयाबाई, हा तुमचा एकटीचा प्रश्न नाही. मंडळाच्या नावाचा आहे. तुम्ही म्हणाल तितके टाके मी तुम्हाला देते. ही वहीच ठेवून घ्या."

मावशींची नजर वहीवर गेली. मी शेजारी बसून सुई ओवत होते, त्यांची बोटं वहीच्या पुठ्ठ्यापर्यंत जाऊन मागे आलेली मला दिसली. वही म्हणजे काही गंमत नव्हती. दोनशे टाके असतील तिच्यात.

"वही द्या," त्या म्हणाल्या. "माह्यापासचे सगळे टाके घ्या. निस्ता हा नका मांगू."

"मला तोच हवा आहे."

"थो नाही भेटनार."

बाईंचा चेहरा लाल झाला. पुण्याच्या माणसाला राग आला की तो अधिकच सभ्य बोलतो. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग तुमचाच कायदा आपण तुम्हाला लावू. जोवर तुम्ही हा टाका देत नाही, तोवर या ओसरीवर तुम्हाला कुणी नवा टाका दाखवणार नाही."

सगळ्या माना डोलल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू. तीन महिने माझी म्हशीशी तुलना झालेली होती.

मावशी उठल्या. वाद घालतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चंची कमरेला नीट खोचली, चपला घातल्या आणि गेल्या. पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. शुक्रवारीही नाही. आळीतून भाजी घेऊन जाताना त्या मान खाली घालून जात. नव्या सुनांचे पदरसुद्धा तपासत नसत. सासूबाई म्हणाल्या, "अन्सा आजारी दिसून राह्यली. तिले जेवन एक वेळ नसलं तं चालते, नवा टाका नसला तं नाही चालत." ओसरीवरही रंगत राहिली नाही. मास्तरीणबाई अगदी बरोबर शिकवत होत्या, आणि आम्ही जांभया देत होतो.

त्यात मी दिवाळीला माहेरी गेले. साखरखेर्ड्याला आमच्या शेतात दरवर्षी धनगरांची मेंढरं बसतात. त्यांच्यातली एक म्हातारी घोंगडी जोडत बसली होती. घोंगडीच्या दोन पट्ट्या जोडायचा त्यांचा एक टाका असतो. इकडून पाहा, तिकडून पाहा, जोड दिसतच नाही. मला एकदम अन्सामावशी आठवल्या. मी म्हातारीजवळ दोन दिवस बसून तो टाका शिकले. मंडळाची बंदी मला ठाऊक होती. पण तो टाका हातात आल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की आता माझ्यापाशी काहीतरी आहे.

मलकापूरला परतल्यावर दुसऱ्याच दुपारी मी मळ्यात गेले. मोट नुकतीच थांबली होती, पाटात पाणी अजून खेळत होतं. मावशी पाटाच्या पलीकडल्या बांधावर मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी अलीकडच्या बांधावर बसले आणि पाण्यात पाय सोडले.

"मावशी," मी म्हणाले, "टाक्याले टाका."

माझ्या तोंडून 'टाक्याले' ऐकून त्यांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या जुडी टाकून माझ्या हातांकडे पाहू लागल्या. मी घोंगडीचा तुकडा आणलाच होता. जोड घालून दाखवला. त्यांनी पाटावरून वाकून तो तुकडा घेतला, उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. बोटभर स्वतः घातला. आणि पुन्हा तोंड उतरलं.

"टाका चांगला हाय," त्या म्हणाल्या. "खरंच चांगला हाय. घे, तुले काय पाह्यजे?"

मी म्हणाले, तुमच्या आईचा पिळाचा टाका.

त्यांनी माझ्या हातात एक चिंधी आणि ओवलेली सुई दिली, दुसरी स्वतः घेतली. आता, शिकणारीनं शिकवणारीच्या शेजारी बसायचं असतं, खांद्याला खांदा लावून. मंडळात सतरंजीवर आपोआप तसंच बसणं होई, त्यामुळे ते का, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. इथे मधे पाट होता. मी समोर बसले होते आणि समोरून पाहत होते. त्यांची सुई ज्या बाजूला जाई त्या बाजूला मी माझी नेई. त्यांचा जो हात हलत होता त्याच्या समोरचा माझा हात मी हलवत होते. काहीतरी अवघड जातंय एवढं कळत होतं. बोटं ऐकत नव्हती, दोरा सैल पडत होता. पण मी नवशिकी, मला प्रत्येक टाका अवघडच जायचा. मी दात आवळून सातआठ पीळ घातले आणि चिंधी पुढं केली.

मावशींनी सवयीनं आधी पाठ पाहिली. मग चिंधी सुलटी केली.

मेथीच्या जुड्या पाटात पडल्या आणि वाहून जाऊ लागल्या तरी त्यांनी पाहिलं नाही. मग कमरेची चंची काढून त्यांनी माझ्या चिंधीशेजारी धरली. लाल ओळ आणि माझी वेडीवाकडी ओळ. कणसं दोन्हीकडे एकाच बाजूला कललेली.

"पुन्ना कर," त्या म्हणाल्या.

मी सुई उचलली.

"कोन्या हातात धरली तू सुई?"

तेव्हा मी पाहिलं. डाव्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं मावशी," मी म्हणाले, "तुमच्या समोर बसले होते, तुमचं बघून बघून... मी उजव्यानं करते."

"नाही," त्या म्हणाल्या. "त्याच हातानं कर."

मी पुन्हा केलं. त्या पाटात उतरल्या, गुडघ्याइतक्या पाण्यात उभ्या राहून माझा डावा हात पाहत राहिल्या. मग तिथेच, लुगडं भिजत असताना, त्यांनी मला सांगितलं.

"माही एक पोरगी होती. यमुना. नऊ वर्साची. डाव्या हाताची होती वं. जेवाले डावा, झाडलोट कराले डावा, सुई बी डाव्या हातात. लोकं म्हनत, पोरीची जात, डाव्या हातानं वाढलं तं सासरचे हाकलून देतीन. मी तिचा डावा हात चिंधीनं कंबरेले बांधो. त्या हातावर मारो. थे रडे नाही, निस्ती पाहे. मंग मी असली की उजव्या हातानं करे, मी वळली की डाव्या. मानमोडीच्या साथीत दोन दिवसांत गेली. दिवस झाल्यावर तिची पेटी उघडली तं त्यात माही चंची. महिनाभर शोधून राह्यली होती मी चंची, तिच्यावरच ओरडली होती. चंचीवर ही ओळ."

त्यांनी चंची पाण्यापासून वर धरली.

"मी येवढे टाके जानते, हा नाही जानत. मले कधी आलाच नाही थो, कोनाले देऊ? मले वाटलं, पोरीले हा कोनीतरी शिकवला. माह्यापासून लपून थे कोनाजवळ तरी जाऊन बसे. गावात, शेजारी, बाजारात, कोनी तरी बाई असन. तिच्या डाव्या हातावर न मारनारी. वीस वर्सं झाले, मी त्या बाईले शोधून राह्यली. एकदा तिच्याजवळ बसाचं होतं, इचाराचं होतं, माही पोरगी तुह्याजवळ काय बोले."

मला रडू आवरेना. मावशी रडत नव्हत्या. त्या चंचीवरच्या ओळीवरून बोट फिरवत होत्या.

"कोनी नव्हतं वं," त्या म्हणाल्या. "माहाच टाका हाय. माह्यासमोर बसूनच शिकली थे."

मी घरी आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्यांना यमुना आठवत होती. "गोरीपान होती," त्या म्हणाल्या. "हात बांधलेला असे. आमी सगळ्या म्हनो, अन्सा शहानी आई हाय." मग त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

शुक्रवारी भोंगा वाजल्यावर मावशी ओसरीवर आल्या. मास्तरीणबाईंनी चष्मा सारखा केला. मावशी सतरंजीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"थो टाका मले येतच नव्हता," त्या म्हणाल्या. "वीस वर्सं मी तुमाले उगाच मिजास दाखवली. आता भेटला. ज्याले पाह्यजे त्यानं घ्या. बदल्यात काही नको. साखरखेर्डेवाली शिकवन."

कुणाला काही कळलं नाही. मी सांगायला सुरुवात केली, पण मधेच मला थांबवून उरलेलं त्यांनीच सांगितलं, चार वाक्यांत, भाजीचा भाव सांगावा तसं. मास्तरीणबाईंनी वही मिटली. ज्या बाईनं अस्तर सैल केलं होतं तिनं तोंडाला पदर लावला.

मग मावशी माझ्यासमोर बसल्या. शेजारी नाही, समोर. त्यांनी लाल दोरा ओवलेली सुई उचलली, क्षणभर उजव्या हातात धरली, आणि डाव्यात घेतली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता मले शिकव."

अख्ख्या वऱ्हाडात जिच्या हाताला तोड नव्हती त्या बाईची सुई कापडाला टोचेना. बोटाला टोचली. दोऱ्याचा गुंता झाला. मी सावकाश एकेक पीळ दाखवत होते आणि त्या जीभ दातात धरून माझ्याकडे पाहत होत्या. एक टाका पडला. तिरपा, ढिला, निळ्या ठिपक्यापासून गव्हाभर लांब.

मास्तरीणबाईंना राहवलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, "अनसूयाबाई, वाकडा आलाय तो. उसवून टाका, पुन्हा घालू."

"राहू द्या बाई," मावशी म्हणाल्या. कापडावरून त्यांनी नजर उचलली नाही. "तिचा पयला बी असाच आला असन. मी पाह्यलाच नाही."